बिल्ल्यावर एकसष्ट

मी यंत्राला चापट मारली. आसपास कुणी नव्हतं म्हणून मारली, नाहीतर कलशेट्टी मॅडमनी मला उभ्या जागी फैलावर घेतलं असतं. त्या यंत्राला त्या जावयासारखं जपतात. पण चापटीनं काही फरक पडला नाही. पडद्यावर आकडा तसाच होता. एकसष्ट.

वर्षाला वीसच्या वर जायचं नाही असा नियम आहे. वीस मिलिसिव्हर्ट, अंगातून गेलेल्या किरणांचं माप ते. आणि हा बिल्ला एका महिन्याचा होता! तीन वर्षांचे किरण एका महिन्यात अंगातून गेलेत असं ते यंत्र मला थंडपणे सांगत होतं. बिल्ल्याच्या पाठीवर नाव माझ्याच अक्षरात लिहिलेलं. बिरुदेव हाके. माझा धाकटा भाऊ.

मी मायाक्का. वीज-उतार केंद्रात सगळे मला अक्काच म्हणतात, गेटावरचा साठीचा वॉचमनसुद्धा. मी बिल्ले वाचते. वर उडणारा माणूस छातीला एक प्लॅस्टिकचा बिल्ला लावतो, त्यात बटणाएवढी चकती असते. किरण लागले की ती चकती ते धरून ठेवते. महिनाअखेर मी तिच्यावर निळा प्रकाश टाकते, ती चमकते, आणि जितकी चमक तितके किरण. सात वर्षं मी हेच करतेय. दोन-तीन-चार असले आकडे वाचून माझे डोळे निबर झाले होते. एकसष्ट मी जन्मात पाहिला नव्हता.

घड्याळात पावणेतीन वाजले होते. मे महिना सरत आलेला, हवा अशी कोंडलेली की अंगावरची साडी नकोशी व्हावी, आणि खिडकीतून मंगळवेढ्याच्या अंगाला वळवाचे ढग वर चढताना दिसत होते. साडेचारला बिरू उडणार होता. आणि वर जाऊन याच किरणांत बसणार होता.

हे किरण येतात कुठून ते सांगायला हवं, नाहीतर माझी तगमग तुम्हाला कळायची नाही. ढगाच्या पोटात खाली ऋण भार साठतो, माथ्यावर धन. दोहोंमध्ये एवढा ताण की हवेतला सुटा इलेक्ट्रॉन वरच्या दिशेला ओढला जातो. एरवी हवा त्याला पळू देत नाही, दोन पावलांवर धक्के मारून थांबवते. पण इलेक्ट्रॉनची एक गंमत आहे. तो एका ठरावीक वेगाच्या पुढं गेला की हवेचा अडथळा वाढायच्या ऐवजी कमी होतो. मग त्याला कोण आवरणार! आकाशातून सतत येणारे विश्वकिरण असे काही भरधाव इलेक्ट्रॉन ढगात सोडतच असतात. त्यातला एक निसटतो, वाटेतल्या अणूला धडकून दुसरा सोडवतो, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत अब्जावधी इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं ढगाच्या माथ्यातून वर उसळतात. हवेतल्या अणूंपाशी वळताना त्यांच्यातून गॅमा किरण फुटतात. वीज पडायच्या बेतात असली की तिच्या टोकापाशी हा लोंढा सगळ्यांत मोठा असतो. दूरच्या ताऱ्यांकडं बघायला पाठवलेल्या उपग्रहांना पूर्वी कधीतरी किरणांचे हे ठोके खालून, आपल्या पृथ्वीवरून, आले होते. तेव्हा शास्त्रज्ञ म्हणे आठवडाभर आपलीच यंत्रं तपासत बसले.

कलशेट्टी मॅडमनी त्यातून उलटा विचार केला. लोंढा गेला की ढगातला ताण थोडा उतरतो. मग एकदम मोठा लोंढा येऊन वीज कोसळण्यापेक्षा बारीक बारीक लोंढे सतत का सोडू नयेत? कुकरची शिट्टी होते म्हणून कुकर फुटत नाही, तसं. आमचं विमान ढगाच्या माथ्यावरून जातं आणि छोट्या छत्रीला बांधलेले क्ष-किरणांचे दिवे आत सोडतं. दिवे खाली जातात, इलेक्ट्रॉन सोडवतात, ढग तासभर गुपचूप झिरपत राहतो आणि खाली वीज पडत नाही. बिनमाणसाची विमानं आधी पाठवून पाहिली. एका मोठ्या ठोक्यात त्यांची सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसते, तीन विमानं गेली. माणूस असला की तो हातानं विमान सांभाळून आणतो. फक्त ढग झिरपतो तेव्हा ते किरण त्या माणसातूनही जातात. म्हणून बिल्ला, म्हणून वीसची मर्यादा, आणि म्हणून मी.

मी बिल्ला मुठीत धरून हँगरकडं सुटले. ऊन एवढं होतं की चपलेतून पाय भाजत होते.

बिरू बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. अडतीस वर्षांचा घोडा, पण नाडी अजून लहानपणासारखी जीभ बाहेर काढून बांधतो.

"बिरू, आज उडायचं नाही."

"का? रातच्याला सपनात आलो का मी?"

"चेष्टा नको. तुझ्या बिल्ल्यावर एकसष्ट आलंय."

तो हसला. मला ते हसू लागलं. एकसष्ट ऐकून माणसाचं तोंड पडायला हवं, पाय लटपटायला हवेत. आमचा दुसरा वैमानिक अश्फाक मणियार गेल्या आठवड्यात वीसला टेकला तेव्हा त्यानं मला तीनदा विचारलं होतं, अक्का, नीट बघितलं ना? आणि हा हसतोय!

"मशिन बिघडलंय तुझं," तो म्हणाला. "परत बघ."

"तुला काय ठाऊक मशिन बिघडलंय?"

"अगं, एकसष्ट कसं येईल? दर महिन्याला माझं एक-सव्वा येतं. तूच सगळ्यांना सांगतीस न्हवं, आमचा बिरू ढगाच्या खांद्यावरनं जातो, माथ्यावर जात न्हाय."

सांगत होते खरं. अश्फाक पंचवीस उड्डाणांत वीसला टेकतो आणि आमचा बिरू वर्षाला ऐंशी उड्डाणं करूनही बारा-तेराच्या पुढं जात नाही, याचा मला केवढा दिमाख होता. पोराच्या हातात कला आहे म्हणायची मी. दुसऱ्या कुणाचा असा आकडा आला असता तर मी संशयानं त्याचं डोकं खाल्लं असतं. भाऊ होता म्हणून मी कौतुक करत बसले.

बोलताना तो कानाची पाळी चोळत होता. शाळेला दांडी मारून आला की असंच करायचा.

"परत बघते," मी म्हटलं. "पण मी येईस्तोवर विमानाला हात लावलास तर तंगडं मोडून ठेवीन."

प्रयोगशाळेत येऊन चकती परत यंत्रात घातली. आता एक लक्षात घ्या. चकती एकदा वाचली की तिच्यातली चमक थोडी खर्ची पडते. दुसऱ्यांदा वाचली की आकडा उतरतो, तिसऱ्यांदा आणखी उतरतो. किरणांची खरी खूण हीच. मी बटण दाबलं. एकसष्ट. पुन्हा दाबलं. एकसष्ट. चौथ्यांदाही एकसष्ट. आटायचं नावच घेईना. म्हणजे चमकत होतं ते किरणांनी नव्हतंच.

मी चकती चिमट्यात धरून भिंगाखाली घेतली. बिल्ल्याचं झाकण एका कोपऱ्यात तडकलं होतं आणि त्या फटीतून आत पिवळी भुकटी गेली होती. चकतीच्या कडेला अगदी बारीक पिवळी रेघ. मी नाकाशी नेलं. हळद. हळदीवर निळा प्रकाश टाकला की ती चमकते, कितीदाही टाका, तितकीच चमकते.

भंडारा! माझ्याच ताटातला भंडारा!

आमच्या केंद्रात उड्डाणाआधी अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवायचं असतं. ढगाच्या माथ्यावर एवढा ताण असतो की गळ्यातल्या साखळीलाही ठिणगी लागते. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी आईनं हुलजंतीच्या यात्रेतला भंडारा पाठवला होता. मी तो पितळी ताटात ओतला, बिरूच्या कपाळाला लावला, आणि त्यानं गळ्यातला ताईत काढून त्याच ताटात भंडाऱ्यात ठेवला. तेव्हापासून तो रिवाजच पडला. सात वर्षं. अश्फाकसुद्धा आपली चांदीची अंगठी त्यात ठेवतो आणि विमान उतरेपर्यंत ताट मी सांभाळते.

म्हणजे बिरू ताईताबरोबर बिल्लाही काढून भंडाऱ्यात खुपसत होता, म्हणूनच त्याचे आकडे बारके. तो वर ढगावर, बिल्ला खाली माझ्या मांडीवर. मी त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसायची, आणि त्याचं लबाडीचं ओझं माझ्याच हातात असायचं. मला आधी रडू आलं आणि मग असा संताप आला की भिंग हातातून पडलं.

साडेतीन वाजले होते. पश्चिमेला ढगाचा माथा पसरून सपाट व्हायला लागला होता.

हँगरमध्ये आता अश्फाकही होता. उडणं बंद झाल्यापासून तो यंत्रांची देखभाल करत होता. मी बिरूला काही विचारलं नाही. नुसती तळहातावरची चकती त्याच्यापुढं धरली आणि दुसऱ्या हातानं ताटातली चिमूटभर हळद तिच्यावर टाकली. त्याचा हात कानाकडं गेला आणि मधेच थांबला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अक्का..."

"कधीपासून, बिरू!"

"दोन वर्सं झाली. पाचातल्या एका उड्डाणाला लावत होतो. अगदीच कोरा दिसू नये म्हणून."

अश्फाकच्या हातातला पाना खाली गेला. "अरे, पागल आहेस काय? मी वीसला थांबलो आणि तू..."

"तू थांबलास म्हणून तर!" बिरू उसळला. "मीबी थांबलो असतो तर वर कोण गेलं असतं? दोन वर्सांपासनं आपण दोघंच वैमानिक, पंचवीस-पंचवीस उड्डाणं. पन्नास. वळवाचे ढग येतात शंभर. उरलेल्या पन्नासात खाली कोण मरंल त्ये कुणी ठरवायचं? नियम करणाऱ्यांनी?"

"आणि मोठा ठोका कधी लागला होता?" मी विचारलं. दोन वर्षांत त्यानं तसं एकदाही नोंदवलं नव्हतं, आणि आता मला त्याच्या कुठल्याच नोंदीवर भरवसा नव्हता.

त्यानं अर्धवट बांधलेली नाडी ओढली. मग हळूच म्हणाला, "दोनदा. एकदम पांढरं झालं. डोळं मिटलेलं असून पांढरं. परत येऊन रात्रभर वकलो."

मी बाक ओढून बसले. मी बोटांवर हिशेब करायला लागले. एका उड्डाणाला पाऊण ते एक. दोन वर्षांची एकशेसाठ उड्डाणं. वर ते दोन ठोके. आकडा दोनशेच्या पुढं चालला होता आणि मला पुढं मोजवेना. सतरा वर्षांची असल्यापासून मी या पोराला वाढवलं. बाबांवर वीज पडली तेव्हा हा नऊ वर्षांचा. आई मेंढरांमागं, आणि हा कायम माझ्या पाठीवर. शिकवलं मी. या केंद्राची जाहिरात कापून ह्याच्या हातात दिली तीही मीच.

"आजचा दिवस जाऊ दे," तो माझ्यापुढं उकिडवा बसला. आवाज एकदम लहान पोरासारखा. "अजून तू कुठं काय नोंदवलं न्हाईस. लिही, बिल्ला खराब झाला. झालाच की खराब. उद्या काय करायचं त्ये कर. आज मंगळवेढ्याच्या रानात सतरा वाडं बसल्यात, अक्का. आपलीच मानसं. म्हाकूनाना हाय तिथं."

मेंढरांच्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. उन्हाळ्यात मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. सतरा वाडे म्हणजे शे-सव्वाशे माणसं आणि काही हजार मेंढरं, आणि त्या सपाट काळ्या रानात उंच म्हणून एखादं लिंबाचं नाहीतर बाभळीचं झाड.

"पूर्वी ढग चढला की लोक पळत हुते," बिरू म्हणाला. "आता न्हाय पळत. सात वर्सात कुणी मेलं न्हाय, कोण पळंल? वर इमान हाय, बिरू हाय, म्हंत्यात आणि झाडाखाली भाकरी सोडत्यात. मी न्हाय गेलो तर त्यास्नी कळणारबी न्हाय की मी न्हाय आलो."

हे मला कधी सुचलं नव्हतं. आम्ही त्यांची वीज काढून घेतली आणि सोबत त्यांची भीतीही काढून घेतली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझा हात जवळजवळ ताटाकडं गेला. भंडारा लावते आणि म्हणते जा. आजचा एक दिवस. एकानं काय होतंय! दोन वर्षं त्यानं स्वतःला हेच सांगितलं असणार, दर वेळी, एकशेसाठ वेळा.

"नाही," मी म्हटलं. "जायचं नाही."

"मानसं मरतील!"

"मरू द्यायची नाहीत. पण तू जायचं नाही. अश्फाक, तूही नाही, माझ्याकडं असा बघू नकोस." मी एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि बिरूच्या हातात कोंबला. "लाव सतराच्या सतरा जणांना. एकदम लाव. आणि तुझ्या तोंडानं सांग, मी येत नाही."

"मी न्हाय सांगणार."

"मग मी सांगते, आणि ते हसतील. अक्का घाबरली म्हणतील. तुझंच ऐकतील ते."

कलशेट्टी मॅडम धावत आल्या त्या याच वेळी. ढगानं वेग घेतलाय, विमान अजून आतच कसं, असं ओरडत आल्या. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं, आता या बाईच्या सात वर्षांच्या कामावर पाणी पडणार, ही म्हणणार एकदा जाऊ दे. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, आणि विमानाची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "फोन लावा," एवढंच म्हणाल्या.

बिरूनं फोन लावला. एकेक वाडा जोडला गेला. मेंढरांचं बें-बें, कुत्री, वाऱ्याचा घुर्र आवाज, सगळं एकदम हँगरभर घुमायला लागलं.

"मी बिरू बोलतोय. आज इमान येत न्हाय. ढग मोठा हाय. झाडं सोडा. जवळ शाळा असंल, पक्कं घर असंल, तिथं शिरा. टेम्पो असंल तर टेम्पोत बसा. काय न्हाईच तर काठ्या टाका आणि लांब-लांब उकिडवं बसा, पाय जुळवून."

"आरं, येशील की उशिरानं," कुणीतरी हसत म्हणालं. "दोन-चार थेंबं पडल्यात नुसती."

"मेंढरं सोडून कुठं जायाचं?" दुसरा म्हणाला.

"मागल्या साली बी असंच उशिरा आला हुतास!"

बिरूनं माझ्याकडं पाहिलं. मग फोन तोंडाशी घेऊन तो एकदम ओरडला, असा ओरडला की अश्फाक दचकला.

"माझा बाप असाच मेला! ऐकताय का? पाऊस आला तवा त्यो रानात उभा हुता. मीच म्हणालो, बाबा, झाडाखाली चल, कोकरं भिजत्यात. मी म्हणालो म्हणून त्यो लिंबाखाली गेला. मला घोंगडं आणायला पाठवलं. मी घोंगडं घिऊन आलो तर लिंब धुमसत हुता आणि बाबा तसाच बुंध्याला टेकून बसलेला. मी त्येच्या अंगावर घोंगडं घातलं. थंडी वाजंल म्हणून घातलं! पळा, तुमच्या पाया पडतो, पळा!"

एकोणतीस वर्षांत त्यानं हे मला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मला नाही. मी त्याला पाठीवर घेऊन फिरवत होते आणि हा त्या पाठीवर हे ओझं घेऊन बसला होता. दर वळवाला वर का धावायचा, ते मला त्या दिवशी कळलं. मला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं आणि मी नुसती उभी राहिले.

फोनवर हसणं थांबलं. मग कुत्र्यांचा कालवा, "ए, उठ, उठ की!", पोरींची नावं घेऊन मारलेल्या हाका, पावलांचा धबधबा. एकेक वाडा सांगायला लागला. शाळेत शिरलो. टेम्पोत बसलो. पुलाखाली न्हाय, देवळात आलो. अश्फाक पाटीवर खडूनं एकेक नाव खोडत होता. चार वाजून दहा मिनिटांनी सोळा नावं खोडून झाली. म्हाकूनानाचं राहिलं. तो जोडला गेला होता, पण आता त्याच्याकडून नुसती खरखर येत होती.

मग पहिली वीज पडली. सात वर्षांनी मी पडलेली वीज बघितली. इथून चाळीस किलोमीटरवर, पण सगळी पश्चिम उजळली. मग दुसरी. मग मोजायचं सुटलं. मॅडम दारात उभ्या राहून प्रत्येक विजेला डोळे मिटत होत्या. बिरू बसेना. विमानापर्यंत जायचा, पंखाला हात लावायचा, परत यायचा. "नाना? नाना, बोल की," असं फोनमध्ये म्हणत राहायचा. एकदा थांबून मला म्हणाला, "त्यो मेला तर मी तुला माफ करणार न्हाय."

"नको करूस," मी म्हटलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी फोन खरखरला.

"बिऱ्या," म्हाकूनानाचा आवाज. दम लागलेला. "फोन चिखलात पडला हुता रं. आम्ही वगळीच्या घळीत बसलो हुतो, लांब-लांब, तू म्हणालास तसं. मानसं हायेत सगळी. झाडाखालची अकरा मेंढरं गेली." मग म्हणाला, "आम्ही त्याच झाडाखाली बसलो हुतो बग. भाकरी अजून तिथंच हाय."

बिरू खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यानं झटकला. मी परत ठेवला.

"उद्याच्याला येतोस का?" नाना विचारत होता. "उद्या बी ढग हाय म्हंत्यात."

फोन मीच उचलला. "उद्याही नाही, नाना. परवाही नाही."

दुसऱ्या दिवशी बिरूचं रक्त तपासायला गेलं. किरणांनी पेशीतली गुणसूत्रं तुटतात आणि घाईघाईत भलतीच जोडली जातात. तशा वाकड्या जोडण्या हजारभर पेशींत मोजल्या की अंगातून किती किरण गेले याचा अंदाज लागतो. बिल्ला भंडाऱ्यात खुपसता येतो, रक्त नाही खुपसता येत. तीन आठवड्यांनी आकडा आला. दोनशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, लगेच काही होणार नाही, पुढं धोका थोडा वाढलाय, दर वर्षी तपासत राहायचं, आणि विमानात पुन्हा पाय ठेवायचा नाही. तो आकडा त्याच्या नावापुढं मी माझ्या हातानं लिहिला. कुठंही खाडाखोड केली नाही. त्याखाली, दोन वर्षांच्या चुकीच्या नोंदी माझ्या नजरेतून सुटल्या, असंही लिहिलं आणि सही केली.

बिरू महिनाभर माझ्याशी बोलला नाही. जेवायला यायचा, ताट पुढं ओढायचा, जेवून जायचा. मी भाजी वाढत राहिले. दुसरं करणार तरी काय होते मी!

वर्ष झालं त्याला. या एप्रिलमध्ये अश्फाकचं नवीन वर्षाचं खातं कोरं झालं आणि पहिल्या वळवाला तो निघाला. मी ताट घेऊन उभी होते. त्यानं चांदीची अंगठी भंडाऱ्यात ठेवली. बिरू पुढं आला. तो आता खालचं काम बघतो, वाड्यांना फोन लावायचं. त्यानं अश्फाकच्या खिशावरचा बिल्ला दोन बोटांत धरला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला.

"फाडतोस का खिसा?" अश्फाक म्हणाला.

"वीस म्हंजे वीस," बिरू म्हणाला. "एकोणिसालाच खाली ओढीन."

विमान गेलं. आवाज विरायच्या आत बिरूचा फोन वाजला. म्हाकूनानाच होता, आवाज एवढा मोठा की मला दोन हातांवरनं ऐकू येत होता.

"बिऱ्या, ढग चढलाय रं. इमान येतंय न्हवं?"

बिरूनं वर पाहिलं. ढगाच्या पांढऱ्या कडेशी अश्फाकचं विमान टाचणीच्या टोकाएवढं दिसत होतं.

"येतंय, नाना," तो म्हणाला. "तुम्ही पळा."